एक बाई, दोन फायली

मंगळवारी सकाळी रुग्णालयात माझ्या बायकोला एक इंजेक्शन दिलं. ते औषध तिला चालत नव्हतं. त्याच रुग्णालयाच्या संगणकात तसं लिहिलेलं होतं, तिच्या माहेरच्या नावाखाली. इंजेक्शन सासरच्या नावाखाली दिलं गेलं. शनिवारी ती गेली.

एवढं लिहायला मला बरेच महिने लागले. मी सावकाश लिहिणारा माणूस आहे. मालवण तालुक्यातल्या एका गावाचं वाचनालय मी आयुष्यभर सांभाळलं, आणि तिथं घाईनं करण्यासारखं काही नसतं. लोक म्हणतात, लिहा, मन हलकं होईल. मन हलकं व्हावं म्हणून मी लिहीत नाही. मला राग आहे, आणि तो योग्य ठिकाणी पोचेपर्यंत विझू नये अशी माझी इच्छा आहे. शिवाय तुमच्यापैकी कुणी उद्या रुग्णालयातल्या याच बाकावर बसणार असेल, तर त्याला काही गोष्टी आधी ठाऊक असाव्यात.

रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. ते वाचून तुम्ही म्हणाल, बरं झालं, आपण तिथं जात नाही. तसं म्हणायची सोय मला ठेवायची नाही.

नाव

ती कर्ली नदीपलीकडच्या वालावलची. माहेरचं नाव शेवंती. लग्नात आमच्याकडे ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. मी ‘अनुराधा’ लिहिलं. पुस्तकात राहणारा माणूस, दुसरं काय लिहिणार. तिचा धाकटा भाऊ बाबल बाजूलाच उभा होता. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “शेवंती दिली आमी. ही अनुराधा खंयसून इली?” मांडव हसला. तीही हसली, मुंडावळ्या हलल्या.

ती पुढं स्वतःच म्हणायची, “कर्लीचो पूल ओलांडलंय काय माझा नाव बदालता. पुलाकच इचारूक होया, मी खरी कोण ती.”

आधारकार्डावर, रेशनकार्डावर, बँकेत ती अनुराधा. बाबलसाठी, वालावलच्या देवळाजवळच्या प्रत्येक घरासाठी ती शेवंती. या जिल्ह्यातल्या माझ्या वयाच्या बहुतेक बायकांचं असंच आहे. यात लपवण्यासारखं काही नाही, आणि आजवर यानं कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

पहिली वेळ

दोन वर्षांपूर्वी ती माहेरी गेली असताना पायाला जखम होऊन पाय सुजला, ताप चढला. बाबलनं तिला गाडीत घालून रुग्णालयात नेलं. खिडकीवर नाव विचारलं तेव्हा त्यानं जन्मापासून ज्या नावानं हाक मारली तेच सांगितलं. मोबाईल नंबर स्वतःचा दिला. दुसरं कुणी काय केलं असतं?

तिथं पहिल्याच इंजेक्शननंतर तिचं तोंड सुजलं, श्वास अडकला. त्या वेळी हजर असलेल्या डॉक्टरांनी धावत येऊन तिला वाचवलं. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. मी पोचलो तेव्हा ते मला म्हणाले, “हे औषध यांना पुन्हा कधीही द्यायचं नाही. आता काळजी करू नका, आमच्या सिस्टिममध्ये नोंद केली आहे. यांची फाईल उघडली की लाल चौकट दिसेल.”

मी खरोखरच काळजी करायची थांबलो. वाचनालयाची यादी आम्हीही संगणकावर घेतली होती. एकदा नीट नोंदलेली गोष्ट माणसापेक्षा जास्त टिकते, यावर माझा विश्वास होता. अजूनही आहे. म्हणूनच राग येतो.

खिडकी

या वेळी ती आमच्या घरीच आजारी पडली. खोकला, ताप, मग धाप. गावच्या डॉक्टरांनी फुप्फुसात जंतुसंसर्ग असल्याचं सांगून मोठ्या रुग्णालयात न्यायला सांगितलं. निघताना मी जुना डिस्चार्जचा कागद आठवणीनं पिशवीत घातला. त्यावर त्या औषधाचं नाव होतं, खाली दोन रेघा मारलेल्या.

खिडकीवर एक मुलगी होती. चांगली होती, चिडकी नव्हती. हे मी मुद्दाम लिहितो, कारण या हकिकतीत कुणी दुष्ट नाही आणि तरीही एक बाई मेली.

तिनं माझा मोबाईल नंबर घातला. “काका, तुम्ही नवीन पेशंट आहात.”

“नाही, हिला पूर्वी इथंच ठेवलं होतं. तेव्हा हिच्या भावानं आणलं. माहेरचं नाव शेवंती.”

“आता आधारवर जे आहे तेच नाव घालावं लागतं.”

“हिला एक इंजेक्शन चालत नाही. हा कागद बघा.”

“जुने कागद नकोत काका, आता आम्ही पेपरलेस झालो. सगळं डॉक्टरांना सिस्टिममध्ये दिसतं.”

मागं रांग होती. कुणीतरी म्हणालं, “आजोबानू, आटपा जरा.” मी कागद पिशवीत ठेवला.

पुढं काय घडलं ते मला नंतर कळलं. नवी फाईल उघडली की त्यात ॲलर्जीचा रकाना येतो. तो रिकामा असेल तर संगणक पुढचं पान देत नाही. लोकांचा खोळंबा होऊ नये म्हणून बनवणाऱ्यांनी त्यात आधीच ‘नाही’ घालून ठेवलं आहे. म्हणजे माझ्या बायकोच्या फायलीत ‘ॲलर्जी: नाही’ हे कुणीच लिहिलं नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं, कुणी तपासलं नव्हतं. ते तिथं आधीपासून होतं, आणि ती येऊन त्याखाली झोपली.

मंगळवार

सोमवारी ती जरा बरी होती. मला म्हणाली, “घराकडे सोलां वाळत घातलीत, ती कोणाक तरी उचलूक सांगा. नायतर फोनार सांगशात हळू आवाजात आणि कोणाक कळाचा नाय. तुमचा बोलणा ऐकूक कानाक शिडी लावची लागता.” मी बाहेर जाऊन, कोकमाची सोलं उचलायला सांगायला शेजारणीला फोन केला आणि मुद्दाम मोठ्यानं बोललो. आत येईपर्यंत ती हसत होती, हसता हसता खोकत होती.

वॉर्डातल्या सिस्टरला मी त्या इंजेक्शनबद्दल त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. तिनं चाकाच्या टेबलावरचा संगणक फिरवून बघितला आणि म्हणाली, “इथं ‘नाही’ आहे, पण डॉक्टरांना सांगते.” तिची पाळी संपली. सकाळी दुसरी सिस्टर आली. औषध बदलायचं ठरलं आणि मला खालच्या मेडिकलमधून काही सामान आणायला पाठवलं.

मी वर आलो तेव्हा खाटेभोवती पडदा ओढलेला होता आणि पडद्याखाली बरेच पाय दिसत होते.

मधल्या वेळात काय झालं ते मला शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या सासूनं सांगितलं. म्हातारी शिरोड्याची. तिनं सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं.

“मीया सगळा आयकलंय,” ती म्हणाली. “तुमच्या बायलेन सांगल्यान, ‘बाय, माका एक सुई बाधता गो. फायलीत बघ, लिवलेला आसा.’ त्या सिस्टर चेडवान बघल्यान. तिका दाखवल्यान सुद्दा. ‘काकी, बघा, काही नाही इथं.’ मगे तुमच्या बायलेन चष्मो लावन बघल्यान आणि आपणच हात फुडे केल्यान.”

तिला वाचता येत होतं. रोज वर्तमानपत्र वाचायची. तिनं संगणकाच्या पडद्यावर वाचलं की तिला काही बाधत नाही, आणि स्वतःच्या सुजलेल्या तोंडाच्या आठवणीपेक्षा त्या अक्षरांवर विश्वास ठेवला. छापलेल्या अक्षराला मान द्यायला तिला माझ्याच घरानं शिकवलं होतं. पण अक्षर खरं असण्याची जबाबदारी ते दाखवणाऱ्याची असते. वाचणाऱ्याची नसते.

लाल चौकट

दुपारी बाबल पोचला. तोवर तिला अतिदक्षता विभागात नेऊन नळी घातली होती. वॉर्डात डॉक्टर मला म्हणत होते की रिॲक्शन अनपेक्षित होती, पूर्वीची काही नोंद नव्हती.

“नोंद नाय?” बाबल म्हणाला. “भावोजी, माझ्या फोनार हेंचो मेसेज आसा. दर म्हयन्याक येता.” त्यानं फोन काढला. ‘प्रिय शेवंती, आपली नियमित तपासणी बाकी आहे.’ खाली फायलीचा क्रमांक होता.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी क्रमांक घेतला आणि वॉर्डाच्याच संगणकात घातला. फाईल उघडली. सगळ्यात वर लाल चौकट. आत औषधाचं नाव, झालेला त्रास आणि ‘देऊ नये’.

ज्या संगणकात बघून तिला हात पुढं करायला लावला, त्याच संगणकात. चाकाचं टेबलसुद्धा तेच.

सिस्टरनं तोंडावर हात ठेवला. डॉक्टरांनी संगणकाचा पडदा स्वतःकडे वळवला, जणू काही मी ते बघणं अजून टाळता आलं असतं.

काचेपलीकडे

पुढचे दिवस एका काचेबाहेर गेले. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा आत सोडत. हात धुवायचे, टोपी घालायची, चपला बाहेर. बाकीचा वेळ बाक. त्या बाकावर बसणाऱ्या माणसांची एकमेकांशी लवकर ओळख होते. कुणी चहा आणतं, कुणी पाठीला लावायला उशी देतं. कुणाचा माणूस सामान्य वॉर्डात गेला की तो आपली उशी दुसऱ्याला देऊन जायचा. माझ्याकडे आलेली उशी तशीच आली होती.

यंत्रं सतत वाजत. पहिल्या दिवशी प्रत्येक आवाजाला मी उठायचो. नंतर माझ्या लक्षात आलं की आतले लोकही उठत नाहीत. पडद्यावर पिवळी सूचना येते, कुणीतरी न वाचता ‘ठीक आहे’वर बोट ठेवतं, ती जाते, पुन्हा येते. त्यांना दोष देणं सोपं आहे. पण इतक्या सूचना असतील तर मी तरी कितीदा वाचीन? खऱ्या धोक्याला आणि किरकोळ गोष्टीला एकाच आवाजात ओरडायला कुणी शिकवलं?

एक गोष्ट चांगली घडली, ती लिहायलाच हवी. सावंतवाडीकडची एक सिस्टर आत होती. मी तिला म्हटलं, हिला दोन नावं आहेत, जमलं तर दोन्हींनी हाक मारा. तिनं हसण्यावारी नेलं नाही. तोंड साफ करताना, कूस बदलताना ती वाकून म्हणायची, “अनुराधाकाकी... शेवंतीकाकी, तुमचे भाऊ इलेत बघा.” बाबल पायाशी उभा राहून म्हणायचा, “गो शेवंते, डोळे उघड. सोलां उचलली गो, भिजूक नाय.” तिनं डोळे उघडले नाहीत. पण त्या विभागात निदान एका माणसाला ती दोन फायली नसून एक बाई आहे हे ठाऊक होतं.

शनिवारी दुपारी भेटीची वेळ नसतानाही आम्हाला आत बोलावलं. तेव्हाच कळलं.

घरी

आमची मुलगी मुग्धा पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. दिवसकार्य झाल्यावर ती आणि तिचा मामा पडवीत बसून भांडले. मी मध्ये.

“गेलेलो माणूस परत येवचो नाय,” बाबल म्हणाला. “कित्या तेंच्या मागे लागतंस गो? उद्या माका काय झाला तर परत थयच जावचा लागतला. नायतर गोव्यापर्यंत धावा.”

“मामा, म्हणूनच. उद्या तुम्हाला तिथंच जायचं आहे म्हणूनच.”

“आणि माका वाटत नसतला? मी शेवंती सांगलंय म्हणान ह्या झाला, असा लोक म्हणतत. माका ऐकाक येता.”

त्यावर मुग्धा उठून त्याच्याजवळ जाऊन बसली. म्हणाली, “तुम्ही तिचं नाव सांगितलंत. चुकीचं काहीच सांगितलं नाहीत.”

मग तिनं मला समजावून सांगितलं, कागदावर चौकोन काढून. फार अवघड काही नाही, बाबा. नवी फाईल उघडताना माहेरचं नाव विचारायचं. वय, गाव आणि जुना मोबाईल क्रमांक जुळतोय का, ते संगणकानं स्वतः शोधायचं आणि ‘ही तीच बाई आहे का?’ असं विचारायचं. ॲलर्जीच्या रकान्यात आधीच उत्तर घालून ठेवायचं नाही. माहीत नसेल तर ‘विचारलेलं नाही’ असं दिसलं पाहिजे, ‘नाही’ असं नव्हे. औषध देण्याआधी रुग्णाच्या मनगटावरची ओळखपट्टी आणि औषध दोन्ही यंत्राला दाखवायचं. ती बोलत होती तसतसा तिचा आवाज चढत गेला. शेवटी म्हणाली, “आणि तुम्ही ओरडला का नाहीत तिथं, खिडकीवर?”

त्याचं उत्तर इथं देतो. मी खिडकीवर सांगितलं. वॉर्डात सांगितलं. माझ्या बायकोनं स्वतः सांगितलं. तीनदा सांगितलं, हळू आवाजात. रुग्णालय ही हळू आवाजात बोलणाऱ्यांची जागा आहे. तिथं आलेला माणूस धापेनं, तापानं, भीतीनं हळूच बोलतो. जे रुग्णालय ओरडल्याशिवाय ऐकत नाही, त्यानं रुग्णांना घेऊ नये.

व्यवस्थापक

मी पत्र दिलं. बऱ्याच दिवसांनी भेटायला बोलावलं. व्यवस्थापक सभ्य गृहस्थ होते. त्यांनी पाणी दिलं, दुःख व्यक्त केलं, मग म्हणाले, “सर, यात सिस्टिमचा दोष म्हणता येणार नाही. पेशंटची नोंद दोन नावांनी झाली. तुमच्याकडे लग्नात बायकांची नावं बदलतात, त्याला सॉफ्टवेअर काय करणार?”

मी विचारलं, “आपण कुठले?”

“कोल्हापूरचा.”

“आपल्या आईचं माहेरचं नाव काय?”

त्यांनी सांगितलं. मग हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

मी म्हटलं, आमच्या वाचनालयात टोपणनावानं लिहिणारे लेखक आहेत. तोच माणूस कथा एका नावानं लिहितो, कविता दुसऱ्या. संगणक येण्याआधीपासून खणात दोन्ही नावांची कार्डं असत, आणि प्रत्येकावर लिहिलेलं असे, ‘हेही नाव पाहा’. वाचक चुकीचं पुस्तक घेऊन घरी जाऊ नये म्हणून एवढी काळजी. पुस्तक चुकलं तर तो दुसऱ्या दिवशी परत आणून देतो. तुमच्या दारात या जिल्ह्यातल्या बायका येतात, दोन-दोन नावं घेऊन, आणि तुम्ही जे यंत्र आणलंत त्याला हे कुणी सांगितलंच नाही. मला यंत्राचा राग नाही. ते लक्षात ठेवत होतं. त्यानं तिची आठवण नीट जपली होती. त्याला विचारायची रीत तुम्ही ठरवलीत.

बहुधा इतकं सलग मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो.

माझी मागणी दोन गोष्टींची होती. नव्या फायलीत माहेरचं नाव विचारा आणि तो आयता ‘नाही’ काढा. आणि अनुराधाच्या फायलीतला ‘नाही’ दुरुस्त करा, कारण तो खोटा आहे.

पहिल्या मागणीवर ते म्हणाले की बदल कंपनीला कळवले आहेत, पुढच्या सुधारणेत बघतील. दुसरीवर म्हणाले, “मृत्यूनंतर फाईल कुलूपबंद होते. त्यात कुणालाच काही बदलता येत नाही.” मग जरा पुढं झुकून, चांगल्या मनानं म्हणाले, “पण ती जुनी फाईल आहे ना, शेवंती नावाची, ती आम्ही काढून टाकू शकतो. म्हणजे तुमच्या मेहुण्यांना मेसेज यायचे बंद होतील. उगाच त्रास नको.”

“ती काढायची नाही,” मी म्हटलं. “खरी फाईल तीच आहे.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ते तिथंच लिहून दिलं आणि पोचपावती घेतली. खोटी फाईल तुम्हाला बदलता येत नसेल, तर खरी मी तुम्हाला पुसू देणार नाही. रकाना बदला, मग बोलू.

तुमच्यासाठी

हे काम तुमचं नाही. आजारी माणसाच्या घरच्यांनी रुग्णालयाची आठवण व्हायची गरज नसावी. तरीही करा. घरातल्या बाईची सगळी नावं सांगा, पूर्वी कुणी आणलं होतं त्याचा नंबर द्या. पडद्यावर काय लिहिलं आहे ते मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा, आणि चुकीचं असेल तर तुमच्यासमोर बदलून घ्या. कागद पिशवीत परत ठेवू नका, खाटेला चिकटवा. सिस्टरची पाळी बदलली की पुन्हा सांगा. लाज वाटेल, मागचे लोक आटपा म्हणतील. म्हणू देत.

सावंतवाडीची ती सिस्टर मला नंतर कुडाळच्या बाजारात भेटली. म्हणाली, “काका, मी आता प्रत्येक काकीक माहेरचा नाव इचारतंय. संगणकात जागा नाय, म्हणान पट्टीर पेनान लिवतंय.” एका माणसानं रीत सुधारली आहे. ती रजेवर असेल त्या दिवशी काय, हे मी तिला विचारलं नाही.

आता

घरात तिची सोलांची बरणी आहे. मी ती वापरतो.

दर महिन्याला बाबलच्या फोनवर मेसेज येतो, की शेवंतीची तपासणी बाकी आहे. तो मला फोन करून सांगतो, “भावोजी, इलो.” मी तारीख घालून रुग्णालयाला एक पत्र पाठवतो, त्याच दोन मागण्यांचं. उत्तर आलेलं नाही.

अनुराधाची फाईल बंद आहे. तिच्यात ‘ॲलर्जी: नाही’ असं लिहिलेलं आहे. शेवंतीची फाईल उघडी आहे. तिच्यावर लाल चौकट आहे.